दाजींची पाटी

फ्लेक्सच्या दुकानातला माणूस माझ्या हातातल्या कागदावरून मजकूर उतरवून घेत होता. 'भावपूर्ण श्रद्धांजली' झालं, 'कै. गोविंदराव' झालं, आणि तो थांबला. "सर, हे पुढं मा. सरपंच लिवलंय. मा. म्हंजी माजी का माननीय? पूर्ण लिहू का? जागा लई हाय."

मी अंबाजोगाईत ग्रंथपाल आहे. शब्दांचे अर्थ लावून देणं नोकरीत बसत नसलं तरी सवयीत बसतं. या एका अक्षराचा अर्थ मात्र मला सांगता येईना. "घरी विचारून सांगतो," असं म्हणून मी बाहेर आलो आणि दुकानासमोरच्या कट्ट्यावर बसलो. अक्काला हे विचारायचं कसं? तिचा नवरा जाऊन चारच दिवस झाले होते. आणि खरं सांगायचं तर मला हसू आवरत नव्हतं.

गोविंदराव म्हणजे माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. गाव घाटनांदूरच्या अलीकडचं, रस्त्यापासून थोडं आत. दाजी त्या गावचे सरपंच होते, एकदाच, अडीच वर्षं. मग त्यांच्यावर अविश्वास ठराव आला आणि हात वर करणाऱ्यांत पहिला हात त्यांच्या चुलतभावाचा होता. त्यानंतरची सगळी वर्षं ते सरपंच नव्हते. गावात ही गोष्ट माहीत नसलेले ते एकटेच.

लोक नमस्कार घेतात. दाजी नमस्कार गोळा करायचे. समोरचा माणूस दिसायचा अवकाश, यांचा उजवा हात आधीच खांद्याच्या वर गेलेला असे, तळवा पुढं, चेहऱ्यावर 'असू दे, असू दे' असा भाव. समोरच्यानं अजून काही केलेलंच नसे. मग त्याला काही तरी करावं लागे. एकदा वळणावर समोरून म्हैस आली, तिलाही दाजींचा हात गेला. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. "सवय हाय पाव्हणं," म्हणाले, "जनतेची."

मला ते 'पाव्हणं' म्हणत, बायकोचा भाऊ म्हणून. रागात असले की 'लायब्री'. "काय लायब्री, झोपली का पुस्तकं?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. मी उत्तर देत नसे. मेहुण्यानं दाजींची टिंगल करायची असते, तशी आपल्याकडं रीतच आहे. पण मला तोंडावर बोलता येत नाही. मी सगळं साठवून ठेवतो आणि माणूस गेल्यावर लिहितो. हा स्वभाव काही चांगला नाही.

ठराव मंजूर झाला त्याच आठवड्यात दाजींनी पेंटरला घरी बोलावलं. दारावर 'सरपंच' अशी पत्र्याची लाल पाटी होती, पिवळ्या ठसठशीत अक्षरांत. ती उतरवण्याऐवजी त्यांनी त्या शब्दाच्या आधी 'मा.' घालायला सांगितलं. पेंटरनं तेव्हाही हेच विचारलं होतं, माजी का माननीय. दाजी बाजेवर बसून त्याला म्हणाले, "तू खामखा इचार करू नको बे. नुस्तं मा. लिही. वाचणारा आपापल्या लायकीपरमानं वाचील."

एवढं एक वाक्य त्यांनी पुस्तकात छापण्याजोगं म्हटलं. बाकी सगळी भाषणं.

पाटी चांगली तीन फूट लांब आणि दीड फूट उंच होती. पण घर जागचं हलत नाही. त्यामुळं वाचणारे तेच ते, आणि त्यांना पाठ झालेली. या अडचणीवर गाडी हा उपाय होता, असं माझं मत. दाजींचं मत वेगळं होतं. गाडी त्यांनी अक्कासाठी घेतली.

यातही तथ्य होतं, म्हणूनच तर सगळा घोळ. अक्काला दमा आहे. त्याच्या आदल्या हिवाळ्यात एका सकाळी तिचा श्वास अडकला, पंप ओढून ओढून संपला, आणि दवाखान्यात न्यायला वाहन मिळेपर्यंत दोन तास गेले. त्या दोन तासांत दाजी अंगणात नुसते फेऱ्या मारत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करत होते; त्या दिवशी मात्र तो हात नमस्काराचा नव्हता. अक्का वाचली. परत आल्यावर दाजी तिला म्हणाले, "आता तुला कुणाच्या गाडीची वाट बघावी लागणार न्हाई." मी ऐकलं. त्यात भाषण नव्हतं.

जुनी गाडी घ्यायला लातूरला गेलो. मला नेलं ते कागदपत्रं वाचायला. एका गुत्तेदाराची, म्हणजे कंत्राटदाराची, पांढरी जीप होती. पांढरीच हवी होती, "पुढाऱ्याची गाडी पांढरी असती, रंगीत गाडी वऱ्हाडाची." दाजींनी परीक्षा सुरू केली. हॉर्न तीनदा वाजवला. शिटांवर हात फिरवला. खिडकीची काच खाली केली, कोपर बाहेर काढलं, हात वर केला, उंची पसंत पडली. मी म्हणालो, "दाजी, बॉनेट उघडून बघू या का?"

"कावून? इंजन काय, समद्याच गाड्याला असतंय."

येताना रेणापूरच्या पुढं त्यांनी गाडी जोरात हाणली. डॅशबोर्डावर इंजिनाच्या उष्णतेचा काटा असतो. मला दुसरं काम नव्हतं, म्हणून मी तो बघत होतो. काटा निम्म्यावर आला आणि घरापर्यंत तिथंच राहिला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. मी पाहिलं होतं आणि पुढं सहा आठवडे मला त्याचा अर्थ लागला नाही. इतकी वर्षं पुस्तकांत घालवलेल्या माणसाची ही अक्कल.

दुसऱ्या दिवशी पूजा. हार, नारळ, चाकाखाली लिंबं. आणि दारावरची ती पाटी काढून गाडीच्या तोंडावर, जाळीवर, चार नटांनी पक्की. घराच्या मापाची पाटी गाडीला लावल्यावर गाडीचं तोंडच दिसेना. नुसते दोन दिवे आणि मध्ये 'मा. सरपंच'. पदराआडून अक्का म्हणाली, "घराचं दार काढून गाडीला लावलंय जणू." दाजींना ते कौतुक वाटलं.

आठवड्यात काटा चढायला लागला.

गावात फिरताना काही नाही. दाजी गावात बैलगाडीच्या वेगानं गाडी चालवत, नमस्कार गोळा करायला तेवढा वेळ लागतोच. पण अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलं आणि वेग धरला की काटा निम्म्याच्या वर जाई आणि चढावर पार लाल रेघेजवळ. उकळत नसे, पण वास येई. अक्काला महिन्यातून दोनदा तपासणीला आणायचं असे. प्रत्येक खेपेला दाजी वाटेत दोन ठिकाणी गाडी उभी करत आणि म्हणत, "जरा लोकांला भेटून घेऊ." लोक कुठं होते? बाभळी होत्या.

मग उपचार सुरू झाले. पहिल्या मेकॅनिकनं इंजिनातला पाण्याचा वॉल्व काढून टाकला. तो म्हणे थंड मुलखात लागतो, आपल्याकडं बारा महिने उन्हाळा, कशाला पाहिजे? फरक नाही. दुसऱ्यानं रेडिएटर काढून धुतला, त्यातून बोअरच्या पाण्याचा चुना निघाला, तो दाजींनी डबीत भरून चार दिवस लोकांना दाखवला. फरक नाही. तिसऱ्यानं पंखा थेट बॅटरीवर जोडला. चावी फिरवली की पंखा घोंगावायचा, शेजारची कोंबडी पळायची. काटा तसाच.

दाजींचं स्वतःचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. "विरोधकाचं काम हाय. टाकीत साखर टाकली कुणीतरी."

"साखरेनं गाडी बंद पडंल, गरम कशी हुईल?" अक्का म्हणाली.

"तुला राजकारण कळत न्हाई."

टाकीला कुलूप लागलं. बंपरला लिंबू-मिरचीची जोडी दुप्पट झाली. नारायणगडाला जाऊन अंगारा आणला आणि तो बॉनेटला लावला, आत नव्हे, वरून. इंजिन असतं तिथं हात घालायचा नाही हा दाजींचा नियम शेवटपर्यंत टिकला.

शेवटी कुणीतरी हणमंत मिस्त्रीचं नाव सांगितलं. मूळचा दिंद्रुडचा, घाटनांदूरला रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये दुकान. बारीक अंगाचा, बोलायला महाग. शनिवार होता, मी अक्काकडं आलो होतो, मलाही बरोबर घेतलं. हणमंतनं बॉनेट उघडलं नाही. हात पुसत आला, गाडीच्या पुढं उभा राहिला, पाटी वाचली, आणि तीन प्रश्न विचारले.

"उभी असली का गरम व्हती का पळाल्यावर?"

"पळाल्यावर," मी म्हणालो.

"घेतली तवा व्हत होती?"

मला रेणापूरचा रस्ता आठवला. निम्म्यावरचा काटा आठवला. "नाही," मी म्हणालो. माझे कान तापले.

"घेतल्यावर काय काय लावलं हिला?"

हणमंतनं जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा घेतला, गाडी चालू केली, पाटीच्या मागं हात घालून कागद रेडिएटरजवळ नेला. कागद टपकन चिकटला. "पंखा ओढतोय. पंखा चांगला हाय." मग पाना घेऊन चार नट सोडले, पाटी काढून भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "चला, चक्कर मारू."

आठ-दहा किलोमीटर गेलो, जोरात. काटा निम्म्यावर. परत आलो. निम्म्यावरच.

"सायेब," हणमंत म्हणाला, "गावात हळू चालती तवा पंख्यावर भागतंय. रस्त्याला लागली का हिला समोरून वारं पाहिजे. तुमी वाऱ्याच्या तोंडावर दार लावलंय. दुसरं काय न्हाई. तो वॉल्व काढलेला तेवढा परत बसवतो, आन् पाटी घराला लावा."

दाजींनी सगळं शांतपणे ऐकलं. मान डोलावली. मग म्हणाले, "बरोबर हाय तुझं. आता लाव."

"काय?"

"पाटी."

निदान मान्य, औषध अमान्य. हणमंतनं माझ्याकडं बघितलं, मी जमिनीकडं. दाजींनी मग स्वतः तोड काढली. पाटीला भोकं पाडायची, वारं आत जाईल. पण अट एकच, अक्षराला धक्का लागता कामा नये. हणमंत ड्रिल घेऊन पाटीपुढं उकिडवा बसला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. "अक्षरंच एवढी मोठी हायती सायेब. वाऱ्याला जागा कुठं ऱ्हायली?" अखेर कडेकडेनं तेवीस-चोवीस भोकं पाडली. पाटी गोळ्या झाडल्यासारखी दिसायला लागली. दाजी म्हणाले, "आता अशी आवळ, का चोराला निघू नये." हणमंतनं आवळली.

घरी आल्यावर मी अक्काला सगळं सांगितलं. ती चुलीपुढून उठली, बाहेर जाऊन गाडीकडं बघून आली आणि परत बसली. "तिलाबी माझ्यावानीच हाय म्हण की. वारं मिळंना." थोडा श्वास घेऊन म्हणाली, "मला पंप तरी हाय."

पुढची गोष्ट मार्चमधली, भर दुपारची. मी रविवारी गावी गेलो होतो. ज्वारीची रास चालली होती, हवेत कणसांची बारीक कूस, आणि जेवणं होता होता अक्काचा श्वास लागला. पंप ओढला, पुन्हा ओढला. ओठ काळे दिसायला लागले. दाजींनी तिला उचलून मागच्या शिटावर बसवलं, मी शेजारी. गाडी निघाली. गावातून जाताना कट्ट्यावर चार माणसं होती. दाजींचा हात स्टिअरिंगवरून निघाला नाही. माझ्या आठवणीतलं हे पहिल्यांदाच.

रस्त्याला लागलो. दाजी गाडी पळवत होते, अक्का माझ्या खांद्याला धरून पुढं वाकून श्वास ओढत होती, आणि मी काटा बघत होतो. तो निम्म्यावर आला. निम्म्याच्या वर गेला. चढ लागला. दाजींनाही काटा दिसत होता, कारण ते त्याच्याकडं बघायचं टाळत होते. लाल रेघेला काटा टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ आली. थांबावं लागलं. अंबाजोगाई आठ किलोमीटर. दोन्हीकडं रिकामी रानं, वाहन नाही.

दाजी उतरले आणि पुढं गेले. मी काचेतून त्यांचं डोकं खाली जाताना पाहिलं. पान्यानं नट हलेनात. चोराला निघू नयेत असेच आवळले होते. त्यांनी जॅकचा टॉमी, ती लोखंडी दांडी, पाटीच्या मागं घातला आणि सगळं अंग टाकलं. पत्रा किंचाळला. एक कोपरा सुटला, मग दुसरा. मी खाली उतरलो तेव्हा त्यांचा तळवा कापला होता, धोतरावर रक्त होतं आणि पाटी हातात आली होती, मधोमध वाकलेली.

मला वाटलं, फेकतील. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली आणि जाळीसमोर उभे राहून वारा घालायला लागले. तीन फुटी पत्र्याची पाटी, भोकं पडलेली, वर 'मा. सरपंच', आणि हा साठीचा माणूस उन्हात गाडीला वारा घालतोय. त्यानं इंजिनाला काय होणार होतं? माझ्यासारख्या माणसालाही ते कळत होतं. पण मी त्यांना थांबा म्हणालो नाही. सांगावंसं वाटलं नाही.

रस्त्याच्या खालून शेळ्यांचं खांड वर आलं, मागं मारुती. त्यांच्याच गावचा, शेळ्या राखणारा, शाळेचं तोंड कधी न पाहिलेला. त्यानं गाडी बघितली, आत बघितलं, आणि खांद्यावरची पाण्याची कॅन पुढं केली. "सरपंच, घ्या. वैनीला आदी पाजा."

मग कपाळाला हात लावून त्यानं रामराम केला. दाजींचे दोन्ही हात पाटीला गुंतलेले. आयुष्यभर ज्याच्यासाठी हात वर धरून हिंडले तो नमस्कार न मागता आला, आणि घ्यायला हात मोकळा नव्हता. त्यांनी नुसती मान हलवली.

पंधरा मिनिटांनी काटा उतरला. राहिलेलं पाणी घातलं, निघालो. बिनपाटीच्या गाडीचा काटा दवाखान्याच्या दारापर्यंत निम्म्यावर होता. मी मोठ्यानं सांगत होतो, "निम्मा, दाजी. निम्माच." अक्काला ऑक्सिजन लागला. संध्याकाळपर्यंत ती बोलायला लागली आणि पहिलं वाक्य म्हणाली, "हाताला पट्टी बांधली का त्यांच्या?"

इथं गोष्ट संपवली तर दाजी फार चांगले दिसतील. तसे ते नव्हते. पुढच्याच आठवड्यात पाटी ठोकून सरळ केली आणि गाडीला परत लावली, मागच्या दाराला. "वारं काय मागनं लागत न्हाई," असं त्यांनी हणमंतलाच समजावून सांगितलं. अक्का म्हणाली, "माजी माणसाची पाटी मागंच शोभती." दाजी दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी तिला तपासणीला घेऊन गेले. त्यानंतर एकही तपासणी चुकली नाही. तीन वर्षं.

कट्ट्यावरून उठून मी गावी गेलो आणि अक्काला फ्लेक्सवाल्याचा प्रश्न विचारला. ती भिंतीला टेकून बसली होती. मला वाटलं, विचारायला नको होतं.

"ते मा. काढ," ती म्हणाली. "त्या एका अक्षरानं लई गरम केलं माणसाला. नुस्तं सरपंच लिही."

"आताचे सरपंच काय म्हणतील?"

"म्हनू दे. मारुती काय म्हनतो ते बघ."

तसंच छापलं. जागा खूप उरली.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते यंदाच्या दिवाळीनंतर. अक्का डॉक्टरांकडं आत होती आणि दाजी तासभर माझ्या ग्रंथालयात येऊन बसले होते. कपाटांवरून नजर फिरवून म्हणाले, "एवढ्यात सरपंचावर एकबी न्हाई ना?" मी म्हणालो, बघावं लागेल. "लिही की मग तूच, लायब्री." मग अक्काला घेऊन निघाले. मी दारात उभा होतो. गल्ली रिकामी होती, दुपारची. गाडी बैलगाडीच्या वेगानं चालली होती. मागच्या दारावर ती भोकं पडलेली, सुरकुतलेली पाटी, आणि खिडकीतून बाहेर आलेला उजवा हात, तळवा पुढं. समोर कुणी नव्हतं. तीस वर्षांत मी त्या हाताला कधी उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशी का कुणास ठाऊक, मीही हात वर केला. त्यांना आरशात दिसला असावा. वळणावर ब्रेकचा लाल दिवा एकदा लागला, विझला, आणि गाडी वळली.